हाड ठेवू नका

"ताई, हे 'हाड ठेवू नका' म्हणजे कुठे ठेवू नका?"

सकाळी साडेआठला संपादकांचा फोन. प्रथमोपचाराच्या एका पत्रकाचं भाषांतर मी आदल्या रात्री पाठवून दिलं होतं. मूळ इंग्रजी वाक्य अगदी साधं होतं: मोडलेलं हाड स्वतः 'सेट' करायला जाऊ नका. वीस वर्षं मी हेच काम करते. 'हाड बसवणे' हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या रात्री साडेअकरानंतर मी जवळजवळ झोपेतच होते आणि टक्क जागं होतं ते माझं नवं शब्दकोशाचं ॲप.

त्या ॲपबद्दलच लिहिते आहे. नाव घेत नाही, कारण भांडण काढायचं नाही. इंग्रजी-मराठी कोश, वर्षाची वर्गणी, फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे चालणारा. तीन महिने रोज वापरला आहे, म्हणजे दोनचार शब्द शोधून दिलेलं हे मत नाही.

आधी चांगलं सांगून टाकते. इंटरनेट नसलं तरी चालतं. स्पेलिंग चुकलं तरी तुम्हाला काय म्हणायचं होतं ते ओळखतं, आणि ओळखल्याचा तोरा मिरवत नाही. उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही ऐकता येतात. काल शोधलेले शब्द आज सापडतात. अक्षर मोठं करता येतं, याची किंमत चाळिशी लागलेल्यांनाच कळेल. नुसता कोश म्हणून, उघडला-पाहिला-मिटला एवढ्यापुरता, तो वाईट नाही.

गोची आहे ती ज्याची सगळ्यात मोठी जाहिरात करतात त्या सोयीत. दस्तऐवजातल्या इंग्रजी शब्दावर टिचकी मारली की 'संदर्भानुसार योग्य अर्थ' तिथल्या तिथे मराठीत बसतो. म्हणजे बसायला हवा. माझ्या पत्रकात हाडाला 'ठेवणे' मिळालं.

संपादक हसले, मीही हसले, चूक दुरुस्त झाली. फोन ठेवल्यावर मात्र धडधड सुरू झाली, कारण त्याच पत्रकात 'सेट' आणखी दोनदा आला होता. उघडून पाहिलं. मुका मार लागलेल्या हाताबद्दल मूळ सूचना अशी: सूज 'सेट इन' होण्याआधी बोटातली अंगठी काढून घ्या. ॲपने दिलेलं मराठी: सूज मावळण्यापूर्वी अंगठी काढून घ्या.

किती छान मराठी आहे बघा. सूज मावळते, आपण म्हणतोच. वाक्य कानाला कुठेच खटकत नाही. फक्त अर्थ उलटा झाला आहे. मूळ म्हणतं, सूज चढायच्या आत काढा, नाहीतर अंगठी रुतून बसेल. माझं पत्रक वाचणारा म्हणणार, सूज उतरायला अजून वेळ आहे, काढू सावकाश. 'हाड ठेवू नका' निदान स्वतःहून ओरडलं तरी, की मी चुकलोय. हे दुसरं वाक्य सुटाबुटात येऊन रांगेत उभं होतं आणि संपादकांच्याही नजरेतून सुटलं होतं. मीच फोन करून सांगितलं. सांगताना कान गरम झाले होते.

ॲपचं डोकं कसं चाललं असेल ते समजतं. सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो. सूजही मावळते. जुळलं. दोन ओळखीचे शब्द शेजारी दिसले की नातं जुळवून टाकायचं, ही त्याची पद्धत.

तेव्हापासून मी या ॲपची 'सेट'वर रीतसर परीक्षा घ्यायला लागले. कोशांच्या दुनियेत या शब्दाइतका खडूस परीक्षक शोधून सापडणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा; म्हणजे तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर एक छोटेखानी पुस्तकच. पुढे त्या कोशाची फेरतपासणी सुरू झाली तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि शेवटी 'रन' त्याच्या पुढे निघून गेला. 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले. मला ही बातमी वाचून त्यांचा हेवा वाटला होता. एका शब्दासाठी नऊ महिने! आम्हाला अख्ख्या पुस्तिकेसाठी नऊ दिवस मिळाले तर आम्ही पेढे वाटू.

तर, ॲपमध्ये 'सेट' शोधला. पहिला अर्थ ठेवणे. दुसरा संच. तिसरा अस्त होणे. चौथा टोळी. पाचवा निश्चित. नाम, क्रियापद, विशेषण सगळे एकाच गाडीत कोंबलेले. खाली सरकत राहायचं. एकोणिसाव्या अर्थाशी मला हाड सापडलं, तेही 'अस्थिसंधान करणे' अशा शब्दात. हा शब्द ज्याने लिहिला त्याने कधी पाय मोडून घेतलेला नाही, एवढं नक्की.

'संच' आणि 'ठेवणे' यांची अशी सरमिसळ करायला माझा आक्षेप का, ते सांगते. ही मुळात दोन वेगळ्या घरची मंडळी आहेत. कपबशांचा सेट, टेनिसमधला सेट, गणितातला संच, हा समूहाचा अर्थ मुख्यतः जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे तो लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून आला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. क्रियापद मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतलं, 'सेटन'. उच्चार सारखा झाला, दोघं एकाच छपराखाली राहायला लागले आणि इतकी शतकं राहिले की आता कुठली वस्तू कोणाची हेही धड सांगता येत नाही. पण निदान कोशाने तरी दोन चुली वेगळ्या दाखवाव्यात. शिकणाऱ्याचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

आणि त्या क्रियापदाची गंमत तर मराठी माणसाला फुकटात कळण्यासारखी आहे. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा जोड्या आता थोड्याच उरल्या आहेत: 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे झाड पाडणे, 'लाय' आणि 'ले' ही तशीच एक जोडी. आपल्याकडे ही सोय रोजची, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, बसणे-बसवणे, म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. आता 'बसवणे' हातात घेऊन 'सेट'च्या यादीतून फिरा. हाड बसवणे. हिरा कोंदणात बसवणे. कविता चालीत बसवणे. खांब पायात बसवणे. चारही ठिकाणी इंग्रजीत 'सेट'च आहे. इंग्रजांचा सूर्यसुद्धा मुळात खाली बसतोच. आणखी खोल गेलं तर संस्कृतातला 'सद्' हा धातू याच कुळातला. सदन, संसद, परिषद ही त्याची मंडळी. म्हणजे संसदेत जे बसतात आणि संध्याकाळी जो बसतो, त्यांचं गोत्र एकच.

'बसवणे' थकलं की 'लावणे' पुढे येतं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, चाल लावणे. दोघंही थकले की 'ठरवणे' आणि 'घालणे': तारीख ठरवणे, मर्यादा घालणे, पायंडा पाडणे किंवा उदाहरण घालून देणे. माझ्या वहीत 'सेट'चं एक पान आहे, त्यावर या चार क्रियापदांखाली मी वापरप्रयोग लिहीत आले आहे. उरलेले फुटकळ अर्थ पानाच्या समासात मावतात. परीक्षेचा पेपर 'सेट' करणे म्हणजे पेपर काढणे, हे असंच समासातलं. ॲपने ते 'प्रश्नपत्रिका स्थापित करणे' असं दिलं आहे.

'स्थापित' हा या ॲपचा लाडका शब्द. जिथे अडेल तिथे स्थापित.

दुसरा एक किस्सा. फरशांच्या फटी भरायच्या मसाल्याची वापरपुस्तिका होती. मूळ वाक्य साधारण असं: मसाला 'सेट' झाल्यावर तो पूर्ण 'हार्डन' होईपर्यंत त्यावर पाय देऊ नका. ॲपचं मराठी: मसाला घट्ट झाल्यावर तो पूर्ण घट्ट होईपर्यंत त्यावर पाय देऊ नका. बरं, ही चूक शब्दाची म्हटली तर शब्दाची नाही. सिमेंटच्या कामात या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी ओला माल धरतो, म्हणजे त्याचा मऊपणा जातो, त्याला आता हवा तसा आकार देता येत नाही. हे काही तासांत होतं. त्याला खरी ताकद येते ती नंतर, आणि ती आठवडेच्या आठवडे वाढत राहते. पहिलं 'सेट' होणं, दुसरं 'हार्डन' होणं. 'धरणे' आणि 'टणक होणे' असे दोन शब्द वापरले की वाक्य सरळ होतं. ॲपमध्ये 'सेट'खाली 'धरणे' कुठेच नाही. गिलावा करणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तरी मिळाला असता.

न्यायाने हेही सांगायला हवं की आडवळणाच्या अर्थांत हे ॲप चकित करतं. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा जरा रुंद पडतो आणि पातं लाकडात अडकत नाही. त्या वाकवण्यालाही इंग्रजीत 'सेट' म्हणतात, आणि ॲपमध्ये त्याचं स्वच्छ चित्र आहे, वरून पाहिल्यासारखं. 'सेटर' जातीच्या कुत्र्याला ते नाव का, तर पक्ष्याचा वास लागला की तो अंग खाली करून दबून राहतो, हेही दिलं आहे. छापखान्यातल्या 'टाइपसेटर'ला चक्क 'जुळारी' हा शब्द दिला आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी! हा शब्द वाचून मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी ॲपला सगळं माफ केलं होतं. करवत, कुत्रा आणि जुळारी कोणीतरी जाणकाराने प्रेमाने लिहिले आहेत आणि रोजची हाड-सूज-सिमेंट यंत्रावर सोडली आहेत, असं काहीसं असावं.

माफी दोन दिवस टिकली. मग मी 'सेट इन'ची नोंद नीट वाचली.

ॲपचा अर्थ: सुरू होणे. उदाहरण म्हणून दिलेल्या इंग्रजी वाक्याचं मराठी: लग्नानंतर त्यांच्या आयुष्यात आनंद सुरू झाला. 'हॅपिनेस सेट इन.'

इथे मी खरंच फोन खाली ठेवला. इंग्रजीत आनंद 'सेट इन' होत नाही हो! हे माझं नाक मुरडणं नाही, यावर काम झालेलं आहे. जॉन सिंक्लेअर नावाचे भाषातज्ज्ञ बर्मिंगहॅम विद्यापीठात होते. छापील आणि बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात घालून, शब्द प्रत्यक्षात कोणाच्या शेजारी बसतात ते त्यांच्या गटाने पाहिलं. त्यातून १९८७ साली कॉलिन्स कोबिल्ड हा शब्दकोश निघाला. 'सेट इन' तपासताना सिंक्लेअर यांना दिसलं की त्याचा कर्ता जवळजवळ नेहमी काहीतरी नकोसं असतं: कुजणं, ऱ्हास, निराशा, जंतुसंसर्ग, बधिरपणा. शब्दाच्या अर्थात 'वाईट' असं कुठे लिहिलेलं नाही. पण त्याची संगत वाईट आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना ती न शिकवता कळते.

आपल्यालाही कळते. गोंधळ माजतो. भ्रष्टाचार बोकाळतो. आजार बळावतो. शांतता माजली किंवा प्रामाणिकपणा बोकाळला असं कोणी म्हणालं तर आपण हसतो, आणि तो टोमणा आहे असं समजतो. 'सेट इन'ला मराठीत एक ठरलेला शब्द नाही. सूज चढते, थंडी धरते, निराशा घेरते, कीड लागते. दर वेळी कर्त्याकडे पाहून शब्द निवडावा लागतो. कोशाने एवढी एकच सूचना दिली असती, की हा प्रयोग बहुधा नकोशा गोष्टींसाठी येतो, तर माझी सूज मावळली नसती.

कोबिल्डचं एक वैशिष्ट्य मला कायम आवडत आलं आहे. त्यात अर्थ सुटा दिलेला नसतो, पूर्ण वाक्यात दिलेला असतो: अमुक गोष्ट तमुक करते तेव्हा असं असं होतं. वाक्य म्हटलं की कर्ता आला, कर्म आलं, म्हणजे संगत आपोआप दिसते. त्याआधी १९७८ साली लाँगमन या प्रकाशनसंस्थेने आपल्या शब्दकोशात सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच सांगायचं बंधन स्वतःवर घालून घेतलं होतं. दोन्ही युक्त्या कागदाच्या जमान्यातल्या, जागा मोजून वापरायच्या काळातल्या. फोनमध्ये जागेला तोटा नाही आणि तरी आम्हाला मिळतं काय, तर 'ठेवणे, संच, अस्त'.

आणखी एक बारीकशी गोष्ट. 'सेट'ची तिन्ही रूपं सारखीच: सेट, सेट, सेट. 'दे सेट द क्लॉक' हे आजचं की कालचं, ते शेजारची वाक्यं वाचल्याशिवाय कळत नाही. ॲप सरसकट वर्तमानकाळ धरतं. ललित मजकूर करणाऱ्यांनी याकडे डोळ्यात तेल घालून पाहावं. गोष्टीतली माणसं भूतकाळात चालत असतात आणि मध्येच एक जण वर्तमानात घड्याळ लावतो.

मराठीत राहायला आलेल्या 'सेट'ची दखल मात्र कोणीच घेत नाही. फलंदाज सेट झाला. पोरगी आता सेट आहे, काळजी नाही. केस सेट केले. आणि 'सेटिंग लावली', ज्याचा अर्थ सांगताना सगळे जरा आवाज खाली करतात. इंग्रजी-मराठी कोशाचं हे काम नाही असं कोणी म्हणेल. मला वाटतं आहे, कारण आजचा वाचक 'सेट' शोधतो तेव्हा त्याच्या डोक्यात आधीपासून हे अर्थ असतात, आणि तिथून मूळ इंग्रजीकडे त्याला हाताला धरून न्यावं लागतं.

तक्रार केली का? केली. सविस्तर, हाडापासून आनंदापर्यंत, उदाहरणांसकट. चार मिनिटांत उत्तर आलं: 'आपली तक्रार यशस्वीरीत्या स्थापित करण्यात आली आहे.' मी ते पडद्याचं चित्र काढून संपादकांना पाठवलं. त्यांचं उत्तर: "ताई, तक्रार ठेवू नका, बसवा."

दीड महिन्यानंतरच्या सुधारित आवृत्तीत हाड बसलं. खरंच, 'सेट' आणि 'बोन' शेजारी आले की आता 'हाड बसवणे' येतं, अस्थिसंधान गेलं. नाम आणि क्रियापद वेगळ्या रकान्यांत आले. म्हणजे तिकडे कोणीतरी वाचतं, आणि ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मोजते. आनंद मात्र अजून सुरूच आहे, आणि पेपरही अजून स्थापित होतो आहे.

पाचपैकी तीन तारे. एक तारा जुळाऱ्याचा, एक इंटरनेटशिवाय चालण्याचा, एक बसलेल्या हाडाचा. वाचताना अडलेला शब्द पाहायला जरूर घ्या. लिहिताना, विशेषतः कोणाच्या तब्येतीचं, औषधाचं, यंत्राचं काही लिहिताना, ती टिचकीची सोय आधी बंद करा. सेटिंगमध्ये तिसऱ्या ओळीत आहे. नाव 'स्मार्ट सेट'.

वर्गणीची मुदत संपायला नऊ महिने आहेत. काल सहज 'रन' घालून पाहिला. पळणे, धाव, चालवणे, वाहणे असं करत मी खाली चालले होते. बाविसाव्या अर्थाला पायमोज्याचा उसवत गेलेला धागा आला, चित्रासकट, आणि मी कौतुकाने थांबले. तेवढ्यात पडद्यावर चौकोन उघडला: ॲप आवडलं का? रेटिंग सेट करा.